काम गेलं, पण कागदावर कसं गेलं?

परदेशी मालाची झळ जळगावजवळच्या नशिराबादच्या ओळखीची असावी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात या गावाची नोंद काचेच्या बांगड्यांसाठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाहून स्वस्त बांगड्या भारतात येऊ लागल्या. तेव्हा धंदा बसलेल्या कारागिराला सरकारने काही द्यावं, ही कल्पनाच नव्हती. आज कायदे आहेत, योजना आहेत. पण काम का गेलं हे त्यांतली एकही विचारत नाही. कागदावर ते कसं गेलं, एवढंच पाहिलं जातं.

अमेरिकेत १९६२ साली केनेडींच्या काळात वेगळा विचार झाला. आयातीमुळे, आणि पुढे कारखाना परदेशी हलवल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यासाठी भत्ता, प्रशिक्षण आणि दुसऱ्या गावी नोकरी शोधायला खर्च अशी योजना तिथे आली. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चौकशी होई. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तिथल्या संसदेने ती वाढवली नाही. युरोपीय संघाचा असा निधी २००७ पासून आहे. आपल्याकडे तसं स्वतंत्र काही नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, तेव्हा तिथल्या कामगारांनाही साध्या औद्योगिक विवाद कायद्यावरच लढावं लागलं.

खानदेशाने हे आधीच भोगलं आहे. जळगाव स्टेशनजवळची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, चाळीसगावची लक्ष्मीनारायण. आज यातला एकही भोंगा वाजत नाही. अशा कामगारांसाठी केंद्राने १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी सुरू केला. खासगी गिरणी कायमची बंद झाली तर पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. ऐकायला चांगलं. पण अट अशी होती की गिरणी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-ओ खाली रीतसर बंद झालेली हवी, नाहीतर तिच्यावर लिक्विडेटर नेमलेला हवा. मालकाने परवानगी न घेता गेटला कुलूप ठोकलं, तर चूल विझलेली असूनही सरकारदरबारी गिरणी ‘बंद’ नव्हती. मला ही अट क्रूर वाटते, कारण चूक मालकाची आणि भुर्दंड कामगाराला. २०१७ मध्ये ही योजना कामगार राज्य विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली.

मुंबईतल्या ५८ गिरण्यांच्या कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत तरी निघाली. खानदेश मिलच्या जागेवर व्यापारी संकुल उभं राहिलं. इथल्या कामगारांसाठी तशी सोडत नाही.

आता आजचा हिशोब मांडू. नशिराबादहून जळगावच्या एमआयडीसीत जाणारा एक कायम कामगार धरा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये, नोकरी दहा वर्षं. कारखाना बंद झाला तर दर वर्षामागे १५ दिवसांप्रमाणे भरपाई ९०,००० रुपये. नोटीस दिली नसेल तर एक महिन्याचा पगार, १८,०००. ग्रॅच्युइटी २६ दिवसांनी भागून काढतात, म्हणून १,०३,८४६. एकूण दोन लाख अकरा हजारांच्या वर, फंड वेगळा. पण बहुतेक ठिकाणी काय होतं? ऑफिसात बोलावून एक छापील कागद पुढे सरकवतात. ‘सही कर, हिशोब घेऊन जा.’ तो कागद राजीनाम्याचा असतो. त्या एका सहीने भरपाई आणि नोटिशीचा पगार, म्हणजे १,०८,००० रुपये, हातचे जातात. उरते ग्रॅच्युइटी. म्हणून मजकूर वाचल्याशिवाय, शेजारच्या जाणत्याला दाखवल्याशिवाय सही करू नका.

जळगावात चटईचे कारखाने, डाळमिल, पाइपचे कारखाने आहेत. यातले बरेच लहान. बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभर कामगारांपासून पुढे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. मात्र परवानगी लागत नाही याचा अर्थ भरपाई लागत नाही असा नव्हे, हे मालकांनाही ठाऊक असतं. ‘तोटा झाला, माल खपला नाही’ ही सबबही भरपाई कमी करायला चालत नाही. त्याच संहितेत कामावरून कमी केलेल्या कामगारासाठी नवकौशल्य निधी आहे: मालकाने १५ दिवसांचा पगार भरायचा आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची.

पगारातून कामगार राज्य विम्याची कपात होत असेल तर अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. वरच्या उदाहरणात सुमारे २७,००० रुपये. किमान दोन वर्षांची विमा नोकरी हवी. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्जाआधी विमा महामंडळाच्या शाखेत चौकशी करावी. भरपाईची तक्रार मात्र तिथे नाही, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात.

सगळ्यात जास्त हाल ठेकेदाराच्या माणसांचे. त्यांचं नाव कारखान्याच्या मस्टरवर नसतं. दहा वर्षं एकाच मशीनवर काढली तरी कागदावर ठेकेदार तीनदा बदललेला असतो, आणि प्रत्येक वेळी नोकरीचा हिशोब शून्यापासून धरतात. अशा माणसाने पगाराची चिठ्ठी, गेटपास, विम्याचा क्रमांक आणि फंडाचा यूएएन क्रमांक घरी एका पिशवीत जपून ठेवावा. एकाच कारखान्यात आपण किती वर्षं राबलो, हे अधिकाऱ्यापुढे सिद्ध करायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं.