पोटाची शिवण

आपल्या मराठी भाषेने पोटाला जितका मान दिला आहे तितका दुसऱ्या अवयवाला क्वचितच दिला असेल. धाकट्यांची चूक थोरांनी पोटात घालावी, स्वतःच्या मुलाला पोटचा म्हणावे, कळवळून बोलायचे तर पोटतिडकीने बोलावे, आणि शेजाऱ्याचे बरे झालेले बघवले नाही तर ती पोटदुखी! मात्र हेच पोट जरा पुढे आले, की आपण ते 'सुटले' म्हणतो. हा शब्द मोठा नेमका आहे. गाठ सुटावी, निरी सुटावी, तसे पोट सुटते. आणि नवलाची गोष्ट अशी, की बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांच्या पोटात आतल्या बाजूला जे घडलेले असते, ते अगदी या शब्दासारखेच असते.

सुटलेले पोट शस्त्रक्रियेने पुन्हा आवळून घेण्याच्या उपायास 'टमी टक' म्हणतात. टक म्हणजे शिंपी चोळीला मारतो तीच. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा शब्द आपल्या घरांत ऐकू आला तर नटनट्यांच्या संदर्भात. हल्ली दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवालाही तो दबक्या आवाजात कानी येतो. माझ्यापर्यंत तो आला तो माझ्या भाचीकडून. तिला जुळी मुले, आता चार वर्षांची. "मावशी, मी हे ऑपरेशन करून घेऊ का?" असे तिने सरळच विचारले. तिच्या सासूबाईंचे मत तयारच होते : "बाळंतपणाचे पोट ते! त्याला कात्री कसली लावायची? आमची नाही का राहिली?" जावईबापू म्हणाले, "तुला हवे ते कर." हे उत्तर उदार दिसते खरे, पण त्याने प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. मग मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले, एकदा नव्हे तीनदा, विचारले, वाचले. त्यातून जे कळले ते येथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आपल्याकडे एका घरापुरता राहिलेला नाही.

जुन्या काळी बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीतच होती. तेल लावून शेक-शेगडी झाली, की मऊ जुन्या नऊवारीची लांब पट्टी फाडून पोटाभोवती घट्ट गुंडाळायची. त्या पट्ट्याने कमरेला आधार मिळे, उठता-बसता बरे वाटे, हे खोटे नाही. पण ताणून सैल झालेली कातडी त्याने पूर्ववत होत नसे. ते दिसत मात्र नसे, कारण कासोटा घालून नेसलेले नऊवार पुष्कळ काही झाकून टाकी. पुढे पाचवारी आली, आणि आपल्या बडोद्यात तर नवरात्राच्या नऊ रात्री चणियाचोळीचा थाट! गरब्याच्या रिंगणात आपल्या लेकीसुना गुजराती मैत्रिणींच्या बरोबरीने फेर धरतात आणि पोट उघडे पडते. फॅशनचा हा भाग आहेच. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळा प्रश्न फॅशनचा आहे असे समजणेही चूक.

पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत, दोन उभे स्नायू शेजारी शेजारी असतात. त्यांना जोडणारी एक पांढरी चिवट पट्टी मध्ये असते. गर्भ वाढतो तशी ही पट्टी ताणून रुंद होते आणि दोन्ही स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते बहुतेकींचे बऱ्याच अंशी जवळ येतात. काहींचे येत नाहीत. जुळी मुले झाली, लागोपाठ बाळंतपणे झाली, तर न येण्याचा संभव अधिक. डॉक्टरांनी भाचीला गुडघे दुमडून उताणे निजवले आणि नुसते डोके उचलायला सांगितले. बेंबीच्या वर पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा वर आला, आणि दोन्ही स्नायूंच्या मधल्या फटीत डॉक्टरांची तीन बोटे सहज मावली. शिवाय बेंबीपाशी लहानसा हर्नियाही निघाला. म्हणजे तिची कंबर दुखते, मुलांना उचलताना पोटात जोर राहत नाही, ही तक्रार लाडाची नव्हती.

आता येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पोट मोठे दिसण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. कातडीखालची चरबी हे एक, स्नायूंच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी हे दुसरे, सैल कातडी हे तिसरे, आणि वर सांगितलेली फट हे चौथे. टमी टक उपयोगी पडते ती मुख्यतः शेवटच्या दोहोंवर. आतल्या चरबीपर्यंत ही शस्त्रक्रिया पोहोचतच नाही. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी ही गोष्ट फार मनाला लावून घेतली. भाचीची हकिकत ऐकून तेही गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांचे पोट नगाऱ्यासारखे ताठ; चिमटीत काही येईना. डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा माल गोदामाच्या आत आहे, मी फक्त बाहेरचा पडदा बदलू शकतो." आपल्या भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० च्या वर गेला, की मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो, त्यावर उपाय चालणे आणि ताटाला आवर घालणे. वकीलसाहेब श्रीखंडाचे आणि सकाळच्या फाफड्याचे भक्त. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता विचारला, तो मी दिला नाही.

पोटातली चरबी नळीने ओढून घेण्याची क्रिया, जिला लायपोसक्शन म्हणतात, ती निराळी. ती कातडीखालची चरबी कमी करते, कातडी किंवा स्नायू आवळत नाही. दोन्ही क्रिया कधी कधी एकत्र करतात, म्हणून लोकांचा घोटाळा होतो.

"हे सारे परदेशी खूळ" असेही एका वडीलधाऱ्यांनी मला ऐकवले. त्यांना मी कावसजीची गोष्ट सांगितली. हा कावसजी मराठा शेतकरी, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्यास एका वीटभट्टीवाल्या जातीच्या वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि ती हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनाने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. सुश्रुताचे नाव आपण घेतोच. पण अठराव्या शतकात ही विद्या पुण्याच्या एका साध्या कारागिराच्या हातात जिवंत होती, याचे मला अधिक कौतुक वाटते. पोटाची शस्त्रक्रिया मात्र खरोखर पश्चिमेकडची. अमेरिकेतील केली या स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९९ मध्ये लोंबते पोट कापून काढल्याचे नोंदवले, आणि ब्राझीलच्या पितांगी या सर्जनाने १९६७ मध्ये छेद खाली, वस्त्राआड झाकला जाईल असा घेण्याची पद्धत मांडली. आजच्या शस्त्रक्रियेत छेद तसाच खाली असतो.

आता प्रत्यक्ष करतात काय? रोग्यास पूर्ण भूल देतात. ओटीपोटाच्या खालच्या बाजूस, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूंपासून सोडवून बरगड्यांपर्यंत वर उचलतात. बेंबी मात्र तिच्या देठाशी जागच्या जागी ठेवतात. मग दूर गेलेले दोन स्नायू पक्क्या टाक्यांनी मधोमध ओढून शिवतात; खरी 'टक' ती हीच. नंतर कातडी खाली ताणून जास्तीची कापून टाकतात, बेंबीसाठी नवे भोक पाडतात आणि शिवण घालतात. दोन ते चार तासांचे हे काम. आत साचणारे पाणी बाहेर यावे म्हणून पुष्कळदा बारीक नळ्या काही दिवस ठेवतात. शिवणीचा व्रण कायमचा राहतो. वर्षभरात तो फिका पडतो, पण जात नाही. छायाचित्रे दाखवून "व्रण दिसतच नाही" असे सांगणारा भेटला, तर तेथून उठावे हे बरे.

पुढचा आठवडा-दीड आठवडा कमरेत वाकूनच चालावे लागते, कारण पोटाची कातडी ताणलेली असते. पट्टा सुमारे सहा आठवडे. तितकेच दिवस जड काही उचलायचे नाही. आणि जड म्हणजे भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर आणि चार वर्षांचे मूलसुद्धा. खालच्या पोटाची कातडी कित्येक महिने बधिर राहते, काहींची थोडी कायमच. जखमेत पाणी साचणे ही यातली नेहमीची अडचण. रक्त साकळणे, पू होणे, शिवण उसवणे, कातडीचा कडेचा भाग काळा पडून मरणे हेही घडू शकते. सर्वांत भीतीचे ते पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. ते क्वचित घडते, परंतु जिवावर बेतते. आणि सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांत या शस्त्रक्रियेत तो धोका इतर पुष्कळांहून जास्त. म्हणून त्याच दिवशी थोडेथोडे चालवतात. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा घटतो, तेव्हा ती निदान महिनाभर आधी सोडावीच लागते. येथे आपल्या काही आजीबाईंना आणि त्यांच्या सुनांनाही सांगायला हवे, की मिश्रीही तंबाखूच आहे.

भाचीला डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मला मोठे मार्मिक वाटले. वजन सहा महिने एका जागी स्थिर आहे का? कारण हे वजन उतरवण्याचे औषध नव्हे; पुढे पंधरा किलो वाढले किंवा उतरले तर केलेले काम फुकट. आणखी मूल हवे आहे का? हवे असेल तर ते होईपर्यंत थांबावे, कारण पुन्हा दिवस राहिले तर शिवलेले पुन्हा ताणेल. मधुमेह? रक्त पातळ करण्याची औषधे? आणि शेवटी, थोडे थांबून : "बाई, हे तुम्हाला हवे आहे की आणखी कुणाला?" भाची चटकन बोलली नाही. बोलली ते असे, की कुणी काही म्हणाले नाही, पण मुलाला उचलताना बेंबी बाहेर येते आणि मला ते माझे शरीर वाटत नाही.

डॉक्टरांनी लगेच तारीख दिली नाही, हे त्यांचे भूषण. आधी सहा महिने व्यायामतज्ज्ञाकडे पाठवले. ज्या बडोद्यातून मुजुमदारांचा 'व्यायामज्ञानकोश' निघाला आणि माणिकरावांच्या आखाड्यात पिढ्या तयार झाल्या, तेथे हे नवल नव्हे. पण घाईघाईने उठाबशा किंवा पोट आवळणाऱ्या कसरती घेतल्या तर ताणलेल्या जागी जोर पडून त्रास वाढू शकतो; आतल्या आडव्या स्नायूंना हळूहळू जागे करणारे श्वासाचे व्यायाम आधी लागतात. ते तिने नेमाने केले. कंबरदुखी पुष्कळ कमी झाली, फट थोडी भरली. हर्निया आणि सैल कातडी तशीच राहिली. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एकीला एवढ्यानेच समाधान वाटले आणि तिने शस्त्रक्रियेचा विचार सोडला, तोही मला शहाणपणाचाच वाटला.

सासूबाई म्हणतात, ती आईपणाची खूण आहे. असेलही. पण खूण मिरवायची की नाही हे जिच्या अंगावर आहे तिने ठरवावे. दुसऱ्याने तिच्या वतीने अभिमान बाळगू नये, असे मला वाटते. उलट नवऱ्याच्या एका शेऱ्यासाठी किंवा नवरात्रातल्या फोटोसाठी कुणी टेबलावर निजत असेल, तर मी तिला वर्षभर थांबायला सांगेन.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. सर्जनाकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, ते विचारण्यात संकोच करू नये. सौंदर्य केंद्राची पाटी म्हणजे पदवी नव्हे. भूल देणारे डॉक्टर कोण, रात्री काही झाले तर अतिदक्षता विभाग तेथेच आहे का, हेही विचारावे. खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस आपल्याकडील आरोग्य विमा पैसे देत नाही. हर्नियाची बाब निराळी. म्हणून दोहोंची बिले वेगळी करून विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्यावे. भाचीने तसे मागवले आहे.

तिने तारीख घेतली ती दिवाळीनंतरची. बडोद्याच्या मे महिन्यात तो पट्टा अंगावर सहन होणार नाही, हे डॉक्टरांनाही पटले. सहा आठवडे मुलांना उचलणार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलांचे मी बघते. डिंकाचे लाडूही करून ठेवते, बाळंतिणीसारखीच अवस्था ती." वजन स्थिर ठेवायचे आहे, तेव्हा लाडवांविषयी डॉक्टरांना अजून विचारायचे आहे.