लैंगिक अल्पसंख्याक अत्याचारग्रस्तांसाठी साहाय्याच्या वाटा : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
शिरूर (घोडनदी) व दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याची ठिकाणे होत. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांमुळे बाहेरगावचे तरुण येथे येतात. तरीही पोलीस ठाण्यात वा दवाखान्यात ओळखीचा माणूस भेटण्याची भीती राहतेच. नवऱ्याने मारहाण केलेल्या स्त्रीस 'काय झाले' एवढेच सांगावे लागते. समलिंगी वा पारलिंगी व्यक्तीस त्याआधी 'मी कोण' हे सांगावे लागते. बहुतेक जण येथेच थांबतात.

कायद्याची स्थिती :
सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 मधून वगळले. संमतीविना केलेले कृत्य मात्र गुन्हाच राहिले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही आणि बलात्काराच्या व्याख्येतील पीडित स्त्रीच आहे. परिणामी प्रौढ पुरुषास दुखापत, डांबून ठेवणे, खंडणी (ओळख उघड करण्याची धमकी देऊन पैसे उकळणे यात येते) अशा कलमांचाच आधार उरतो. ही उणीव गंभीर आहे. पारलिंगी व्यक्तींवरील लैंगिक अत्याचारास 2019 च्या कायद्याने कलम 18 मध्ये सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठरविली.

समलिंगी स्त्रीची स्थिती किंचित वेगळी आहे. तिला पुष्कळदा माहेरच्यांकडूनच मारहाण होते, कोंडून ठेवले जाते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 रक्ताच्या नात्यासही लागू आहे, आणि हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये 'प्रौढ पुरुष' हे शब्द रद्द केल्याने आई वा बहिणीविरुद्धही दाद मागता येते. स्त्री जोडीदाराविरुद्ध मात्र 'विवाहसदृश संबंध' सिद्ध करण्याचा प्रश्न उरतो.

गावच्या ठाण्यात जाणे नको असल्यास दखलपात्र गुन्ह्याची तक्रार अन्य कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते.

प्रथम रुग्णालय :
पोलिसांआधी रुग्णालय गाठणे अनेकदा हिताचे ठरते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत पारलिंगी व समलिंगी व्यक्तींचा स्वतंत्र विचार आहे. पोलीस तक्रार ही उपचारांची पूर्वअट नाही. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू व्हावे लागते. रात्री दौंडहून पुण्याला निघणाऱ्यास हे ठाऊक हवे.

ऐकणारे कोण?
मुंबईत 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट, तर पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. मोफत विधी साहाय्यासाठी 15100 व मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक तालुक्यातूनही लागतात.

तथापि पहिला ऐकणारा बहुधा प्राध्यापकच असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांत पुरुष व तृतीयपंथी विद्यार्थीही लैंगिक छळास बळी पडू शकतात, हे मान्य केले आहे. 2016 च्या दुरुस्तीने लैंगिक कलावरून केलेला छळ रॅगिंग ठरतो. अंतर्गत तक्रार समितीने 'हा आमचा विषय नाही' असे म्हणण्यास जागा नाही.

पालकांना परस्पर दूरध्वनी करणे, ही सद्हेतूने घडणारी सर्वांत धोकादायक चूक होय. कनिष्ठ महाविद्यालयात एक अपवाद लक्षात ठेवावा. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास, मुलगा असो वा मुलगी, पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. गोपनीयतेची ही मर्यादा विद्यार्थ्यास तो बोलू लागण्यापूर्वीच सांगावी.