शिरगणती आणि वाडीचा रस्ता

आमची वाडी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की दवाखाना आणि कॉलेज दोन्ही पलीकडे राहतात. "आपल्याला रस्ता का नाही?" असे मी एकदा वडिलांना विचारले. ते म्हणाले, "आपण माणसं कमी भरतो."

या उत्तराचा उलगडा मला भूगोलाच्या अभ्यासात झाला. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे बारमाही रस्त्यासाठी वस्तीची लोकसंख्या किमान 500 हवी. डोंगराळ राज्ये, वाळवंट व आदिवासी क्षेत्रांत 250. महाराष्ट्र डोंगराळ राज्यांत मोडत नाही. आकडा घेतला 2001 च्या जनगणनेचा आणि 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी 2011 च्या.

दोन्ही वेळची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गेलेली आमची जोडपी उन्हाळ्यातच परततात. मोजणीच्या सबंध मुदतीत गैरहजर असलेला माणूस गावच्या आकड्यात धरला जात नाही. आमची माणसे फडावरच्या कोपीत राहिली. वाडीत मोजायला उरले म्हातारे आणि लेकरे.

रस्ता नाही म्हणून दूध वेळेवर डेअरीत पोचत नाही. जोडधंदा नाही म्हणून कोयता. आणि कोयत्यापायी आकडा पुन्हा कमी!

मोजणाऱ्याने एकदा पोळ्याला यावे. तेव्हा आम्ही सारे घरी असतो. ओढा मात्र त्यालाही आमच्यासारखाच ओलांडावा लागेल.