मनोरुग्णांची शुश्रूषा आणि मधली भिंत

मनोरुग्णालयांत स्त्रीपुरुषांना एकत्र ठेवावें कीं वेगळें, हा प्रश्न वरवर पाहतां इमारतीचा वाटतो. वस्तुतः तो शुश्रूषेचा आहे, हें ब्रिटनच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

एकोणिसाव्या शतकांतील तेथील मनोरुग्णालय म्हणजे एका छपराखालचीं दोन घरें. एकीकडे पुरुष व त्यांचे रखवालदार, दुसरीकडे स्त्रिया व त्यांच्या परिचारिका. रखवालदाराचें मुख्य काम किल्ल्या सांभाळण्याचें. पुढें १८८५ सालीं अशा सेवकांसाठीं शिक्षणपुस्तिका निघाली आणि १८९१ पासून त्यांची परीक्षा सुरू झाली. वेडा हा कैदी नव्हे, रुग्ण आहे, ही दृष्टि हळूहळू रुजूं लागली. याच दृष्टीनें स्कॉटलंडांतील लार्बर्ट येथें डॉ. जॉर्ज रॉबर्टसन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं पुरुषांच्या दालनांतहि परिचारिका नेमल्या. पुढें सेवकांच्या संघटनेनें अशा नेमणुकांस विरोध केला. पण पहिलें दार उघडलें होतें.

रुग्णांमधील भिंत मात्र १९५० नंतर पडूं लागली. नवीं औषधें आलीं, १९५९ चा कायदा आला. बाहेरचें जग स्त्रीपुरुषांचें आहे, तर त्या जगांत परतावयाच्या रुग्णानें आंत वेगळें कां राहावें, हा युक्तिवाद खोटा नव्हता. एकत्र भोजन, एकत्र खेळ, यांमुळें रुग्णालयाचें तुरुंगपण कमी झालें.

परंतु रात्र झाली म्हणजे प्रश्न निराळा होई. भरती झालेल्या कित्येक स्त्रियांनीं पूर्वीं पुरुषांचा अत्याचार सोसलेला असे. स्नानगृहाकडे जातांना पुरुषांच्या खाटांवरून जावें लागणें ही त्यांना यातना होती. आणि तक्रार केली तर? “तिला भास होतात,” एवढ्या तीन शब्दांत ती निकालांत निघण्याचें भय. २००० सालीं सरकारनें निजण्याच्या जागा, स्नानगृहें व शौचगृहें वेगळीं असावींत आणि स्त्रियांना स्वतंत्र बैठकीची खोली असावी, असे निर्देश दिले. तरीहि २००६ सालीं रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेनें अशा दालनांतील लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी प्रसिद्ध केल्या, तेव्हां देश हादरला.

भिंत पाडली ती दयेनें, पुन्हां उभारली तीहि दयेनेंच. दोन्ही वेळां रुग्णाची खरी राखण केली ती परिचारिकेच्या जागरूकपणानें. आजारी मन पुष्कळदां चुकीचें सांगतें, हें खरें. पण म्हणून तें नेहमींच चुकीचें सांगतें असें नव्हे. प्रत्येक तक्रार आधीं ऐकून घ्यावी, मग तपासावी, हाच या शुश्रूषेचा पहिला धडा होय.