नवा माणूस कामात कमी पडतोय... मग?

मंडळी, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. उद्या आपण ट्रेनी इंजिनिअर म्हणून कुठेतरी लागणार आणि हाताखाली एखादा नवा ऑपरेटर येणार. तो कमी पडला तर करायचं काय?

उन्हाळ्यात मी एका मशीन शॉपमध्ये इनप्लांट ट्रेनिंगला होतो. तिथे लेथवर एक नवा मुलगा लागला होता. बारावी झालेला, प्रोबेशनवर. त्याचे रोज पाच-सहा शाफ्ट रिजेक्ट व्हायचे. सुपरवायझर त्याला सगळ्यांसमोर झापायचे आणि दुसऱ्या दिवशी रिजेक्शन आणखी वाढायचं! महिनाअखेर त्याला काढायचं असं जवळपास ठरलंच होतं. घरी कमावणारा तो एकटाच.

शेजारच्या लेथवरच्या मामांनी वेगळंच केलं. अर्धा तास काही न बोलता त्याच्याजवळ उभे राहिले. मग एकाच जॉबचं माप त्याला दोनदा घ्यायला लावलं, एकदा लगेच आणि एकदा चहा पिऊन आल्यावर. पहिलं बरोबर, दुसरं कमी! कारण आपण शिकलेलंच आहे: पोलाद तापलं की फुगतं. ५० मिमी व्यासाचा शाफ्ट ४० अंशांनी जास्त गरम असेल तर व्यास साधारण ०.०२३ मिमी जास्त भरतो. आमच्या शाफ्टला टॉलरन्स होता ०.०२ चा. सगळेच जॉब इतके तापत नाहीत, म्हणून काही पास व्हायचे, आणि त्यामुळेच कुणाला पत्ता लागत नव्हता. जुने ऑपरेटर शेवटचा कट घेण्याआधी कूलंट सोडून जॉब गार करतात. ही सवय हातात इतकी बसलेली की नव्याला सांगायची असते हे कुणाला सुचलंच नाही. आणि ओरडा खाल्ला की तो आणखी घाई करायचा, म्हणजे जॉब आणखी गरम!

कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत वाचलं की अमेरिकेत १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना निघाली होती. युद्धकाळात कारखान्यांत नवखी माणसं भरली, तेव्हा फोरमनलाच शिकवायचं कसं ते शिकवलं. पायऱ्या चारच. आधी त्याची भीती घालवायची आणि त्याला काय येतं ते विचारायचं. मग करून दाखवताना नेमक्या फसायच्या जागा सांगायच्या. मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि त्या जागा त्याच्या तोंडून वदवून घ्यायच्या. नंतर अधूनमधून डोकवायचं. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तिथे चांगलीच रुजली.

माझ्या मते आपण तिसरी पायरी हमखास गाळतो. "समजलं ना?" विचारलं की नवा माणूस "हो सर"च म्हणणार. प्रॅक्टिकलला आपण दुसरं काय म्हणतो?

एवढं करूनही काही जण सुधारत नाहीत, हे खरं. पण मग त्याला बाजूला घेऊन आकड्यांसकट सांगावं, मुदत द्यावी. प्रोबेशनच्या शेवटच्या दिवशी बॉम्ब टाकू नये.

त्या मुलाची नोकरी टिकली. मी निघालो त्या दिवशी रिजेक्शनच्या ट्रेमध्ये त्याच्या लेथचे दोनच शाफ्ट होते. त्यातला एक मी केलेला.