लिदित्से : पुसले न गेलेले एक गाव

मध्य युरोपातील चेक प्रजासत्ताकात लहान गावांची संख्या फार मोठी आहे. त्या देशात सहा हजारांहून अधिक ग्रामसंस्था असून त्यांपैकी बऱ्याच संस्थांची लोकसंख्या काही शेकड्यांच्या पलीकडे जात नाही. गावकरी दर चार वर्षांनी आपले प्रतिनिधी निवडतात आणि हे प्रतिनिधी आपल्यामधून गावाचा प्रमुख निवडतात. लिदित्से हे अशाच लहान गावांपैकी एक होय. परंतु या गावाचा इतिहास इतर कोणत्याही गावासारखा नाही.

लिदित्से हे राजधानी प्राग शहराच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, क्लाद्नो या औद्योगिक शहराच्या पूर्वेस वसलेले आहे. हा प्रदेश मध्य बोहेमियातील उंचसखल शेतजमिनीचा आहे. जुने गाव एका लहानशा ओढ्याच्या काठी, सखल दरीत होते. गावाचा पहिला लेखी उल्लेख इ. स. १३१८ मधील आहे. गावात संत मार्टिनचे चर्च होते, शाळा होती, तळे होते आणि शेतकऱ्यांचे वाडे होते. एकोणिसाव्या शतकात क्लाद्नो येथे कोळशाच्या खाणी व पोलादाचे कारखाने उभे राहिले, तेव्हा गावाचे जीवन पालटले. पुष्कळ पुरुष खाणकामगार व कारखान्यातील मजूर झाले; शेती आणि मजुरी अशा दुहेरी आधारावर गाव जगू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सुमारे पाचशे लोक राहत होते.

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्याने बोहेमिया व मोराव्हिया हे प्रांत व्यापले. तेथील नाझी सत्तेचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख याच्यावर २७ मे १९४२ रोजी प्राग येथे हल्ला झाला. ब्रिटनमधून विमानाने आणून हवाई छत्रीच्या साहाय्याने उतरविलेल्या योझेफ गाबचिक व यान कुबिश या दोन सैनिकांनी तो केला होता. ४ जून रोजी हायड्रिख मरण पावला. सूड घेण्यासाठी नाझींना एखादे ठिकाण हवे होते. याच सुमारास स्लानी या जवळच्या शहरातील एका कारखान्यात आलेले एक संशयास्पद पत्र पोलिसांच्या हाती पडले आणि त्यावरून लिदित्सेचे नाव पुढे आले. या गावातील होराक व स्त्रीब्रनी या कुटुंबांतील मुलगे ब्रिटनमध्ये वायुदलात होते, एवढेच निमित्त पुरले. हल्ल्याशी गावाचा कोणताही संबंध नव्हता.

१० जून १९४२ रोजी गावातील १७३ पुरुषांना होराक यांच्या वाड्याजवळील बागेत गोळ्या घालण्यात आल्या. त्र्याहत्तर वर्षांचे धर्मगुरू योझेफ श्तेम्बेर्का हेही त्यांच्यात होते. स्त्रियांना राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीत पाठविण्यात आले. मुलांना मातांपासून तोडून पोलंडमधील वुच येथे नेण्यात आले आणि त्यांपैकी ८२ मुलांचा खेल्म्नो येथे विषारी वायूने अंत करण्यात आला. काही थोडी मुले जर्मन कुटुंबांच्या स्वाधीन केली गेली. एकूण ३४० ग्रामस्थ या अत्याचारास बळी पडले.

एवढ्यावरही सत्ताधाऱ्यांचे समाधान झाले नाही. घरे जाळून सुरुंगाने उडविण्यात आली. चर्च व शाळा जमीनदोस्त झाली, दफनभूमी उखडण्यात आली, तळे बुजविण्यात आले आणि ओढ्याचा प्रवाहदेखील बदलण्यात आला. गावाचे नाव नाहीसे केल्याची घोषणा सत्ताधाऱ्यांनी स्वतःच केली. या विध्वंसाचे चित्रीकरणही त्यांनीच करविले होते; हीच चित्रफीत पुढे न्यूरेम्बर्ग येथील खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली.

या घोषणेचा परिणाम मात्र उलटाच झाला. सप्टेंबर १९४२ मध्ये इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरात डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांच्या पुढाकाराने ‘लिदित्से जगेल’ ही मोहीम सुरू झाली. तेथील खाणकामगारांनी परदेशातील आपल्यासारख्याच खाणकामगारांच्या गावासाठी वर्गणी जमविली. अमेरिका, मेक्सिको, व्हेनेझुएला इत्यादी देशांत वस्त्यांना लिदित्सेचे नाव देण्यात आले.

युद्धानंतर १४३ स्त्रिया परतल्या. पतीचा वध झाल्याचे व मुले बेपत्ता असल्याचे त्यांना तेव्हाच कळले. शोधाअंती १७ मुलेच हाती लागली. त्यांच्यातील काही आपली मातृभाषा विसरली होती. आई व मूल समोरासमोर येऊनही त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हते. गावाचा घात किती खोलवर होऊ शकतो, हे यावरून दिसून येते.

जून १९४७ मध्ये जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर, उंचवट्यावर, नव्या गावाची पायाभरणी झाली. जुन्या गावाची जमीन मोकळी ठेवण्यात आली. तेथे आज गवताळ मैदान, सामुदायिक समाधी आणि चर्च, शाळा व होराक यांचा वाडा यांच्या पायांच्या खुणा आहेत. जुने व नवे गाव यांच्यामध्ये १९५५ साली निरनिराळ्या देशांतून आलेल्या गुलाबांचे उद्यान उभारण्यात आले. शिल्पकार मारिए उखितिलोवा यांनी ८२ मुलांचे पूर्णाकृती शिल्पसमूह घडविण्याचे काम १९६९ मध्ये हाती घेतले. १९८९ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या पतीने ते काम पुढे नेले आणि २००० साली ते पूर्णत्वास गेले.

या मुलांच्या स्मरणार्थ १९६७ पासून लिदित्से येथे बालचित्रांचे प्रदर्शन भरते. १९७३ पासून ते आंतरराष्ट्रीय झाले असून भारतातील मुलांची चित्रेही त्यात असतात. शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या शिक्षकांनी या उपक्रमाची माहिती विद्यार्थ्यांना अवश्य द्यावी.

घरे, रस्ते व तळी ही गावाची दृश्य अंगे होत. ती नष्ट झाली तरी परतलेल्या माणसांनी, त्यांनी जपलेल्या नावाने आणि दूरदेशीच्या अनोळखी श्रमिकांच्या साहाय्याने लिदित्से पुन्हा उभे राहिले. प्रत्येक गावाने आपल्या पाणवठ्यांची, देवस्थानांची, शाळेची व माणसांची नोंद काळजीपूर्वक ठेवणे किती मोलाचे आहे, हे या लहान गावाच्या इतिहासावरून ध्यानी येते.