आखूड नळीतला वायूचा हिशेब
एम-१६ रायफलमधून गोळी सुटते तेव्हा नळीतला थोडा तप्त वायू एका छिद्रातून मागे वळतो; त्याच जोरावर रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. २० इंची नळीत हे छिद्र बरेच पुढे असते, तिथवर दाब उतरलेला असतो. तिच्या आखूड रूपात, म्हणजे १४.५ इंची नळीच्या एम-४ कार्बाइनमध्ये, ते मागे, जास्त दाबाच्या जागी आणावे लागले. कारण छिद्र ओलांडल्यावर गोळी नळीत जेवढी राहील, तेवढाच वेळ दाब टिकतो.

खरी कसरत इथेच आहे. छिद्र फार मागे गेले तर भाग लवकर झिजतात. फार पुढे गेले तर यंत्रणा अर्ध्यावर अडकते. व्हिएतनाम युद्धातल्या अतिआखूड कार्बाइनमध्ये छिद्रापुढे नळी फार थोडी उरे; त्यांना तोंडाशी आवाज आणि ज्वाला कमी करणारे नळकांडे बसवले होते. त्याने वायूचा दाब किंचित अडून राही आणि यंत्रणा नीट चाले. मला हा उपाय फार कल्पक वाटतो.